लांडगं मेंढराकडं बघत नसतं

लांडगा काय खातो याच्या माझ्या पहिल्या अभ्यासात लांडग्याची म्हणून गोळा केलेली विष्ठा निम्मीअर्धी कुत्र्यांची निघाली. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात माळावर तीन महिने उन्हातान्हात फिरून, प्रत्येक कागदी पिशवीवर तारीख आणि ठिकाण लिहून, गच्चीवर वाळत घातलेला तो ऐवज होता. गच्चीच्या एका कोपऱ्यात आईचे पापड, दुसऱ्या कोपऱ्यात माझं हे. मधे एक जुनी साडी आडवी बांधलेली. आईनं त्या तीन महिन्यांत मला जे जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही.

माझे मार्गदर्शक सर आले, त्यांनी चार पिशव्या उघडून बघितल्या आणि विचारलं, "ही जागा गावापासून किती लांब?" अर्धा किलोमीटर, मी म्हटलं. "आणि गावातली मेलेली ढोरं कुठं टाकतात?" तिथंच पलीकडं. सर काहीच बोलले नाहीत. मला मात्र उन्हात उभ्या उभ्या घाम फुटला. गावातली मोकाट कुत्री मेलेली ढोरं खात होती, त्यांच्या विष्ठेत गाईबैलांचे केस येत होते, आणि मी छान तक्ता करून जगाला सांगणार होते की मराठवाड्यातल्या लांडग्याला बैल फार आवडतो.

प्राणीशास्त्र घेऊन बीएस्सी केलेली मुलं-मुली आता मला भेटतात तेव्हा बहुतेकांना "वाघावर काम" करायचं असतं. त्यांना मी आधी ही गोष्ट सांगते. कुठला प्राणी काय खातो हे शोधणं वरवर सोपं वाटतं. खरी मेख आहे ती "निवडतो" या शब्दात. एखादा शिकारी प्राणी भक्ष्य निवडतो असं म्हणायचं असेल, तर त्याच्यापुढं काय काय होतं आणि त्यानं त्यातलं काय सोडून दिलं, हे आधी माहीत पाहिजे. आठवडी बाजारात गेलात आणि सगळ्या पालांवर नुसती वांगीच असतील, तर तुम्ही वांगी आणलीत म्हणून तुम्हाला वांगी आवडतात असं कोण म्हणेल? मी तीन महिने पिशवीत काय आलं ते मोजत होते. बाजारात काय होतं ते मोजलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा सुरुवात केली, आणि ती माणसांपासून केली. माळावर दरवर्षी कातिकानंतर मेंढरं घेऊन येणारे एक आबा आहेत. जाळीचं कुंपण, म्हणजे त्यांच्या भाषेत वाघर, रोवून रात्री मेंढरं आत घेतात आणि स्वतः बाहेर घोंगडीवर निजतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला लांबूनच हाक मारली, "काय हुडकलालाव मॅडम?" मी सांगितलं, लांडग्याची विष्ठा. ते बराच वेळ हसले. मग त्यांनीच तीन ठिकाणं दाखवली: पाणंदींच्या तिठ्यावर, एका दगडाच्या ढिगावर, आणि पायवाट ओढ्याला मिळते तिथं. लांडगा आपली हद्द सांगायला वाटांच्या जोडावर विष्ठा टाकतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. आबांना ते वाचायची गरज नव्हती.

नमुना लांडग्याचाच आहे याची खात्री करायला हल्ली डीएनए तपासणी करतात. ती महाग पडते आणि सगळ्यांना परवडत नाही. पण शेजारचे पायाचे ठसे, विष्ठेची जाडी, गावापासूनचं अंतर आणि आत भाकरीचे कण किंवा प्लास्टिक आहे का, एवढं नोंदवून शंकास्पद नमुना बाजूला टाकायची हिंमत ठेवली तरी बरंच निभावतं. टाकून द्यायला जीव जड होतो. टाका.

आबांचं एक वाक्य मात्र मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. मी विचारलं होतं, लांडगा एवढ्या मेंढरांतून नेमकं कुठलं उचलतो? लंगडं? म्हातारं? आबा म्हणाले, "लांडगं मेंढराकडं बघत नसतंय पोरी. माझ्याकडं बघतंय. माझं ध्यान कुठं हाय, कुत्रं कुणीकडं हाय, ते बघतंय. मेंढरू मग जे गावंल ते."

आमच्या शास्त्रात यालाच अवघड शब्द आहेत. उपलब्ध असणं वेगळं आणि हाती लागणं वेगळं. माळावर मेंढ्या शेकड्यांनी आहेत, पण प्रत्येक मेंढीच्या भोवती एक माणूस, दोन कुत्री आणि एक काठी आहे. ससे थोडे आहेत, पण त्यांच्यामागं कुणी नाही.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातलं आहे. अहिल्यानगरमधल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसात राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावात राहणाऱ्या प्राण्यांचा होता. आता गावातला कुणीही म्हणेल, म्हणजे शेळ्या. शेळ्या तिथं कुत्र्यांच्या सातपट होत्या. तरीही बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आणि शेळ्यांचा ११ टक्के. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, कुत्रं उकिरड्यावर मोकळं असतं. बिबट्याला कुत्र्याची चव जास्त आवडते असा याचा अर्थ काढणारे लोक मला भेटलेत. चव त्याला कोण विचारतो? दार कुठलं उघडं आहे, एवढंच तो बघतो.

हे आकड्यात मांडायला एक साधं गणित आहे, ते पहिल्याच महिन्यात शिकून घ्या. रशियन शास्त्रज्ञ इव्हलेव्ह यांनी माशांच्या खाण्यासाठी निवडीचा निर्देशांक मांडला, पुढं १९७४ साली जेकब्ज यांनी त्यात सुधारणा केली. खाल्लेल्यातला वाटा आणि उपलब्ध असलेल्यातला वाटा, दोन्ही अपूर्णांकात घ्यायचे. त्यांची वजाबाकी वर. खाली त्यांची बेरीज, आणि त्यातून दोघांच्या गुणाकाराची दुप्पट वजा. उत्तर उणे १ ते अधिक १ च्या मधे येतं. समजा एखाद्या माळावर शंभरातली ७० जनावरं मेंढ्या आहेत आणि लांडग्याच्या खाण्यात त्या ३५ टक्के आल्या, तर उत्तर उणे ०.६३. ससे शंभरात १० आणि खाण्यात ३० टक्के, तर अधिक ०.५९. म्हणजे सगळ्यात जास्त खाल्ली गेली मेंढीच, पण लांडगा तिला टाळतोय आणि सशाच्या मागं जातोय. मला हे पहिल्यांदा कागदावर सुटलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी उठून चहा केला होता. एक आकडा दोन उलट गोष्टी सांगू शकतो, हे तोवर मला कुणी असं दाखवलं नव्हतं.

पण हे गणित तुम्ही दिलेल्या उपलब्धतेच्या आकड्यावर उभं आहे. तो आकडा मिळवायला पहाटे ट्रान्सेक्ट चालावे लागतात: ठरलेल्या सरळ रेषेवर दोन-तीन किलोमीटर, पावलांचा आवाज न करता, दिसेल त्या प्रत्येक कळपाचं अंतर आणि कोन नोंदवत. काळवीट, चिंकारा, रोही म्हणजे नीलगाय, ससा, मोर, आणि हो, शेळ्या-मेंढ्या-कुत्रीसुद्धा. नवखी मुलं पाळीव जनावरं सोडून देतात, कारण ती "वन्यजीव" नाहीत. लांडग्याला हे कुणी सांगितलेलं नाही.

विष्ठेतला केस ओळखायचं काम घरातल्या स्वयंपाकघरात करू नका, हे मी गमतीनं म्हणत नाही. मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेत माणसाला बाधणाऱ्या फीतकृमींची अंडी असू शकतात. मास्क आणि हातमोजे लागतातच, नमुना आधी उष्णतेनं निर्जंतुक करून घ्यायचा. मग बारीक चाळणीत वाहत्या पाण्याखाली धुवायचा. मागं राहतात केस, हाडाचे तुकडे, खूर, दात, पिसं. केसाचा ठसा घ्यायला काचपट्टीवर रंगहीन नेलपॉलिशचा थर द्यायचा, केस त्यात बसवायचा, वाळला की उचलायचा. सूक्ष्मदर्शकाखाली खवल्यांची नक्षी दिसते. केसाच्या आतला गाभा बघायला वेगळी काचपट्टी. प्रत्येक नमुन्यातले वीसेक केस यदृच्छेनं घ्या, आपल्याला दिसायला बरे वाटतील ते उचलू नका.

सुरुवातीला शेळी आणि काळवीट सारखेच वाटतील. म्हणून आधी आपला संदर्भसंच करा. गावातल्या शेळी, मेंढी, कुत्रा, डुक्कर, गाय यांचे केस मिळवायला कुणाची परवानगी लागत नाही, फार तर शेळीची लागते. मानेचा, पाठीचा, पोटाचा, शेपटीचा केस वेगवेगळा ठेवा, कारण एकाच जनावराच्या अंगावर ते वेगळे असतात. वन्य प्राण्यांचे संदर्भकेस विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या संग्रहातून रीतसर बघायला मिळतात. रस्त्यावर मेलेल्या काळविटाचे केस उपटून आणणं हा कायद्यानं गुन्हा आहे.

आणखी एक खड्डा. लहान भक्ष्याच्या अंगावर वजनाच्या मानानं केस आणि हाडं जास्त असतात, म्हणून ससा खाल्ला तर विष्ठा जास्त वेळा पडते आणि हिशेबात सशाला भाव चढतो. यावर १९८४ साली अमेरिकेत पुमाला, म्हणजे तिथल्या मांजरकुळातल्या मोठ्या शिकाऱ्याला, मोजून खायला घालून दुरुस्तीचं सूत्र काढलं गेलं, आणि यादवेंद्रदेव झाला व सहकाऱ्यांनी भारतीय लांडग्यासाठी वेगळं सूत्र दिलं. पुमाचं सूत्र लांडग्याला लावलेले प्रबंध मी पाहिलेत. तुम्ही तसं करू नका.

आता सगळ्यांच्या आवडीचा प्रश्न: शिकारी दुबळ्यालाच पकडतो का? टीव्हीवर तसं दाखवतात, आणि ते पूर्ण खोटंही नाही. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर सरोवरात आइल रॉयल नावाचं बेट आहे. तिथं १९५८ पासून लांडगा आणि मूस (एक फार मोठं हरीण) यांचा अभ्यास सुरू आहे. तिथल्या सुरुवातीच्या वर्षांत डेव्हिड मेक यांनी लहान विमानातून लांडग्यांच्या शिकारी पाहिल्या. लांडग्यांना १३१ मूसांचा माग लागला, त्यातले ५४ गाठ पडायच्या आधीच निसटले, ७७ जणांना लांडग्यांनी प्रत्यक्ष आजमावलं, आणि मारले किती? ६. मूस जागेवर पाय रोवून उभा राहिला तर लांडगे थोडा वेळ घिरट्या घालून निघून जायचे. मेलेल्यांची हाडं गोळा केली तर त्यात पिल्लं, म्हातारे आणि सांधे झिजलेले जास्त. निवड इथं आहे, पण ती बाजारातल्या गिऱ्हाईकासारखी नाही. दहा दारं ठोठावून जे उघडेल तिथं शिरणाऱ्यासारखी आहे.

पळवून दमवणाऱ्या शिकाऱ्याला अशी परीक्षा घेता येते. सेरेंगेटीत क्लेअर फिट्झगिबन आणि जॉन फॅनशॉ यांनी १९८८ साली दाखवून दिलं की आफ्रिकी रानकुत्री पाठलागासाठी अशी गॅझेल हरणं उचलतात जी उंच उड्या कमी दराने मारतात. पाय ताठ करून जागच्या जागी उसळणं म्हणजे हरणाची "मला पकडून वेळ घालवू नकोस" अशी जाहिरात. आपला काळवीटही धोका दिसला की असाच उसळतो. परांड्याच्या बाजूला पिकातून उठलेला कळप एकामागोमाग हवेत उडताना बघितला की पहिल्यांदा वाटतं, हे घाबरलेत. ते घाबरलेले असतीलही. पण बघणाऱ्याला ते काहीतरी सांगतही असतात.

दबा धरणाऱ्याचं वेगळं. बिबट्याला परीक्षा घ्यायला वेळ नसतो, त्याचं सगळं पहिल्या काही उड्यांत ठरतं. म्हणून त्याच्या बाबतीत जनावर आजारी आहे का यापेक्षा ते मान खाली घालून चरतंय का, कडेला आहे का, वारा कुठून आहे, हे जास्त मोलाचं. चित्त्यावरच्या अभ्यासातही कमी सावध असलेलं गॅझेल उचललं जातं असं दिसलं आहे. हा नियम मी वर्गात मोठ्या आत्मविश्वासानं सांगत असे. मग कोलोरॅडोतला पुमाचा अभ्यास वाचला: दबा धरणाऱ्या पुमानं मारलेल्या प्रौढ हरणांत मेंदूच्या एका रोगानं पछाडलेली हरणं प्रमाणापेक्षा जास्त निघाली. बहुधा आजारानं त्यांचं भान सुटलेलं असावं. तेव्हापासून मी "बहुतेक वेळा" हा शब्द जोडते.

आकाराचं गणित जरा जास्त भरवशाचं आहे. उल्लास कारंत आणि मेल सनक्विस्ट यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत वाघ, बिबट्या आणि रानकुत्रा या तिघांचा एकाच जंगलात अभ्यास केला, तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. मारलेल्या भक्ष्याचं सरासरी वजन वाघाचं ९१.५ किलो, रानकुत्र्याचं ४३.४, बिबट्याचं ३७.६. तिघं एका जंगलात राहतात, पण ताट वेगळं. आणि आफ्रिकेपासून आशियापर्यंतच्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर बिबट्याची पसंती १० ते ४० किलोच्या भक्ष्याला, त्यातही २५ किलोच्या आसपास. आता आपल्या गावातली शेळी, कुत्रं आणि रानडुकराचं पिल्लू वजन करून बघा.

गर्दीचाही फायदा असतो. कळपात घुसलेल्या शिकाऱ्याला एकावर नजर ठेवणं जड जातं, पण कळपात वेगळं दिसणारं एखादं असेल तर काम सोपं होतं. आबांच्या काळ्या दख्खनी मेंढरांत दोन पांढरी होती, आणि आबांच्या मते "पांढरं आधी जातंय." एका कळपावरून नियम होत नाही. पण १९८६ साली चंदेरी माशांच्या थव्यात एखाददुसरा मासा निळा रंगवून मोठ्या माशापुढं सोडला, तेव्हा शिकार यशस्वी व्हायचं प्रमाण वाढलं होतं. आबांना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "मासं रंगवाय किती पगार मिळतोय?"

पगाराचं पुढं येतंच. त्याआधी मेलेलं जनावर कसं वाचायचं ते, कारण माळावर तुम्हाला पहिल्यांदा बोलावणं येईल ते यासाठीच. शेतकऱ्याचा फोन येतो, वासरू मारलंय, वनरक्षक पंचनाम्याला निघालेत, तुम्हीही या. गळ्यावर दातांच्या खुणा आहेत म्हणजे बिबट्या, असं म्हणून मोकळे होऊ नका. वनखात्याच्या परवानगीनं पशुवैद्यक कातडी सोलतात तेव्हा शेजारी उभं राहा आणि आतल्या बाजूला बघा. दात घुसले त्या जागी रक्त साकळून काळंनिळं झालं असेल तर जनावर चावताना जिवंत होतं. तसं नसेल, तर ते आधीच मेलं होतं आणि नंतर कुणीतरी खाल्लं. गळ्यावर दोन-चार खोल आणि नेमक्या खुणा असतील तर मांजरकुळातला शिकारी. मागच्या मांड्या, ढुंगण, कान, पाय सगळीकडं वेडेवाकडे चावे असतील तर बहुधा गावातली कुत्री, आणि हे शेतकऱ्याला सांगणं सोपं नसतं, कारण कुत्र्यानं मारलेल्याची भरपाई वनखातं देत नाही. त्या वेळी तुमच्याकडं सगळे बघत असतात. खरं तेच बोला, पण चारचौघांत मोठ्यानं न बोलता आधी वनरक्षकांच्या कानावर घाला. निर्णय त्यांचा आहे.

मांडीचं हाड फोडायला मिळालं तर मज्जा बघा. निरोगी जनावराची मज्जा घट्ट आणि पांढरट असते, उपाशी जनावराची लाल आणि पातळ, जेलीसारखी. भक्ष्य "दुबळं" होतं का, याचं उत्तर तिथं मिळतं, नुसत्या बरगड्या मोजून मिळत नाही. वय दातांच्या झिजेवरून.

आणि एक लक्षात ठेवा: सापडलेल्या किलवरून, म्हणजे मारलेल्या जनावरावरून, आहार ठरवला की मोठी जनावरंच दिसतात. सशाचा किल कुणाला सापडतो? तो दहा मिनिटांत केसासकट संपलेला असतो. म्हणून किल आणि विष्ठा दोन्ही लागतात.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर घुबडापासून सुरुवात करा. खरं सांगते, मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं. पडक्या गढीत, जुन्या वाड्याच्या माडीवर, पाण्याच्या टाकीखाली गव्हाणी घुबड राहतं. ते उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस व हाडं गोळ्या करून तोंडावाटे टाकतं. घुबडाच्या पोटातलं आम्ल ससाण्याच्या मानानं सौम्य, म्हणून कवट्या शाबूत मिळतात. गोळी कोमट पाण्यात भिजवली, चिमट्यानं सोडवली की उंदराचे नारिंगी पुढचे दात आणि चिचुंद्रीचे बारीक टोकदार दात वेगळे ओळखू येतात. पिल्लं असतील त्या काळात जवळ जाऊ नका, खालून पडलेल्या गोळ्या दिवसा उचला. शेजारच्या शेतात पिंजरे लावून उंदीर आणि चिचुंद्र्या किती ते मोजा. तेच गणित, तोच निर्देशांक, आणि बजेट जवळजवळ शून्य. सोयाबीन निघाल्यावर आणि उभं असताना असं दोनदा केलंत तर शिकाऱ्यानं निवड बदलली की शेतानं, हा प्रश्न तुम्हाला स्वतःलाच पडेल.

अभयारण्यात पाऊल टाकायचं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली अभ्यासासाठी परवाना लागतो. गौताळा-औट्रमघाट असो, नायगाव मयूर असो की येडशी-रामलिंग घाट, प्रस्ताव शेवटी नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या कार्यालयात जातो. तिथं वेळ लागतो. किती, हे विचारू नका. प्रस्ताव पाठवून मोकळ्या माळावरचं, पाळीव जनावरांचं, मुलाखतींचं काम सुरू करा. अभयारण्याबाहेरही लांडगा, काळवीट, बिबट्या हे संरक्षितच आहेत. नमुने उचलण्याआधी स्थानिक वन अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच घ्यायची राहिली म्हणून माझ्या एका मैत्रिणीला सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

शिक्षणाचं थोडक्यात. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांत प्राणीशास्त्र आहे, पाया तिथं पक्का होतो. पुढं डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूच्या एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) या संस्थेतला वन्यजीव जीवशास्त्र आणि संवर्धन हा एमएस्सी, या दोन जागा मोठ्या. जागा मोजक्या, प्रवेशपरीक्षा अवघड, आणि जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही, म्हणून संकेतस्थळांवर लक्ष ठेवा. मुंबईच्या बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) छोटे अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतात. एमपीएससीतून वनसेवा, म्हणजे वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक, हा घरच्यांना समजणारा रस्ता आहे, आणि वाईट अजिबात नाही. संशोधनाकडं राहिलात तर पहिली काही वर्षं प्रकल्प सहायक म्हणून कंत्राटावर जातील. खोलीचं भाडं आणि पेट्रोल निघतं. लग्नाच्या बायोडेटात काय लिहायचं हा आईचा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. संख्याशास्त्र आणि "आर" हे सॉफ्टवेअर शिका, दुर्बिणीच्या आधी शिका. मुलींसाठी एवढंच: गाडी स्वतः चालवता आली पाहिजे आणि पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे. बाकीच्या सूचना लोक न मागता देतील.

२०२४ च्या डिसेंबरात येडशी-रामलिंगच्या घाटात वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला. त्याआधी २०२१ साली असाच एक गौताळ्यात पोचला होता. येडशीचं अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं, भोवती तूर, ऊस आणि गुरं. वाघानं गुरं मारायला सुरुवात केली तशी लोक मला फोन करून विचारायला लागले, "हा रानातलं सोडून गाईच का धरतोय?" पहिल्यांदा मी नागरहोळेचे आकडे सांगायला गेले. मग थांबले आणि उलट विचारलं, तुमच्या शिवारात ९० किलोच्या वरचं रानातलं जनावर कुठलं आहे? पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग एक जण म्हणाला, "रोही हाय की." आहे. पण शिवारात रोही किती, गाई किती, आणि रात्री बाहेर बांधलेलं काय, हे कुणी मोजलेलं होतं? मीही मोजलेलं नव्हतं. त्या हिवाळ्यात आम्ही चार जणांनी, वनखात्याला कळवून, घाटाच्या खालच्या गावांतले गोठे मोजायला सुरुवात केली: दार आहे का, दार रात्री लागतं का, आणि किती जनावरं बाहेर दाव्याला आहेत. वाघाकडं बघायला गर्दी व्हायची. गोठे मोजायला कुणी यायचं नाही.

यंदा कातिकानंतर आबा परत येतील. कुणाला सोबत यायचं असेल तर पहाटे पाचला भूमहून निघावं लागतं. वही जाड पुठ्ठ्याची घ्या, पेन नको, पेन्सिल घ्या, दहिवरानं शाई पसरते. पांढरे, भडक कपडे नकोत. मेंढरांच्या वाड्याजवळ पोचलात की आधी कुत्री अंगावर येतील. पळू नका, जागेवर उभे राहा आणि आबांना हाक मारा. चहा मेंढीच्या दुधाचा असतो, नाही म्हणायचं नाही.